बिनचहाची वकीलीण

"त्या बाईला पाठवा. दुसऱ्या कुणासंगं मी बोलणार न्हाय."

शेळगावच्या श्रीपतीतात्यांनी हे सरपंचाला सांगितलं. सरपंचाने तहसीलदाराला सांगितलं, तहसीलदाराने जिल्ह्याला कळवलं, आणि दिल्लीत परराष्ट्र खात्याच्या राज्यमंत्री अनसूया ओहोळ यांच्या टेबलावर ते पोचलं तेव्हा त्याची भाषा पार बदलून गेली होती. 'मृताच्या वडिलांनी माननीय मंत्रिमहोदयांच्या प्रत्यक्ष भेटीची इच्छा व्यक्त केली आहे.'

"मंत्रिमहोदय म्हणाले का ते?" अनसूयेने सचिवाला विचारलं.

"तसंच लिहून आलंय, मॅडम."

"नाही म्हणायचे ते. ओहोळ वकीलीणबाईला पाठवा, असं म्हणाले असतील. तेही 'बाई' लावलं असेल तर."

प्रकरण असं होतं. श्रीपतीतात्यांचा रविंद्र आखातातल्या एका देशात ट्रेलर चालवायचा. पळसदेवचा मोहित त्याच्याच ओळखीने तिकडे लागला आणि त्याच्याच खोलीत राहिला. खोलीत दहा-बारा माणसं, गच्चीवर पाण्याची एक टाकी. दोघं इंदापूर तालुक्यातले. पाण्याची पाळी म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तिथंही त्यांनी पाळी लावली आणि एका संध्याकाळी बादलीवरून दोघांची जुंपली. मोहितने ढकललं. रविंद्र जिन्यावरून खाली गेला, तो उठलाच नाही.

तिथल्या कोर्टाने मोहितला देहान्ताची शिक्षा दिली. ती टळायला एकच वाट उरली होती. मेलेल्याच्या वारसांनी, म्हणजे बापाने आणि बायकोने, 'आम्ही माफ केलं' असं सही करून सांगायचं. शुक्रवार-शनिवार तिकडे सुट्टी. रविवारी कोर्ट उघडलं की न्यायाधीश शेवटचं विचारणार होते. अनसूया पुण्याला उतरून पळसदेवच्या रस्त्याला लागली तो दिवस शनिवारचा होता.

दूतावासाने पत्रं पाठवून झाली होती. मोठे अधिकारी आणि पुढारी शेळगावला जाऊन आले होते. भरपाईचं नाव निघालं की तात्या पायात चपला घालून रानात निघून जायचे. आता त्यांनी अनसूयेचं नाव घेतलं होतं. का घेतलं, ते खात्यात कुणाला कळत नव्हतं. तिला कळत होतं.

*

अनसूयेचे वडील, कऱ्हाटीचे चिंतामण ओहोळ, बारामतीच्या कोर्टात बेलिफ होते. सायकलच्या हँडलला समन्सची पिशवी. शाळेला सुट्टी असली की मागच्या कॅरिअरवर अनसूया. लांबच्या गावच्या एखाद्या घरातून बाई विचारायची, "पाणी देऊ का, साहेब?" चिंतामण हात जोडून नको म्हणायचे, समन्स द्यायचे आणि निघायचे.

"आण्णा, तहान लागली नव्हती?"

"लागली होती की."

"मग?"

"ज्याच्या दाराला समन्स चिकटवायचं त्याचं पाणी पिऊ नये, अनू. हात जड होतो."

उरलेलं त्यांनी पुढं बऱ्याच वर्षांनी सांगितलं, तिला वकिलीची सनद मिळाली त्या दिवशी. कोर्टाबाहेर पेढे वाटून झाल्यावर ते म्हणाले, "खरं सांगू का? सुरुवातीला कुणी पाणी द्यायचंच न्हाय. कऱ्हाटीचा ओहोळ आला म्हणलं की हंड्यावर झाकण. मग मीच म्हणायला लागलो, कामावर असताना मी घेत न्हाय. त्यांनी दिलं न्हाय असं सांगत हिंडण्यापेक्षा मी घेत न्हाय, हे सांगायला बरं वाटायचं. पुढं माणसं द्यायला लागली. पण तवर माझा नेम होऊन बसला होता."

तो नेम अनसूयेने जसाच्या तसा उचलला. बारामतीच्या कोर्टात ती उभी राहायला लागली तेव्हा तिच्याकडे येणाऱ्या बहुतेक बायकाच. नांदवत नाहीत, हिस्सा देत नाहीत, सही करून घेतली नि पुढचं कुणी विचारत नाही. अशा केसेस ज्येष्ठ मंडळी तिच्याकडे ढकलायची, कारण त्यात फी कमी आणि रडारड जास्त. ती चहा प्यायची तो कँटीनचा, तोही स्वतःच्या पैशाने. पक्षकाराचा एक घोट नाही, आपल्याचा नाही आणि समोरच्याचाही नाही.

"ताई, पैसे दिल्यात त्या पाव्हण्यानं," कँटीनवाला सांगायचा.

"मग त्यालाच दोन पाज."

बाररूममध्ये तिचं नाव पडलं, बिनचहाची वकीलीण. नाव ठेवणारे हसायचे, तीही हसायची. पण उलटतपासणीला ती उभी राहिली की हसणं बंद व्हायचं.

श्रीपतीतात्यांशी तिची गाठ तिथंच पडली. तात्यांचा धाकटा भाऊ वारला आणि त्याची बायको मुक्ताबाई हिस्सा मागायला उभी राहिली. तात्या म्हणाले, घरात मी कर्ता आहे, तिला दोन वेळचं मिळतंय, हिस्सा कशाला? मुक्ताबाई अनसूयेकडे आली.

केस चालली, आणि कोर्टाने जमीन-विहीर बघायला कमिशनर नेमला. उन्हाचा दिवस होता. मोजमाप झालं, सगळे तात्यांच्या ओट्यावर टेकले. तात्यांची बायको आतून चहा घेऊन आली. पांढरे कप, निळ्या काठाचे, पाहुण्यांसाठी ठेवलेले. कमिशनरने घेतला, तात्यांच्या वकिलाने घेतला. अनसूयेपुढे कप आला, तसं तिने तो हळूच ताटात परत ठेवला.

"नको, काकू. केस चालू आहे."

तात्या बघत होते. त्यांच्या बापाच्या वेळेला ओहोळांना ओट्याखाली उभं करायचे. तात्यांनी तिला ओट्यावर बसवलं होतं, सगळ्यांबरोबरचा कप दिला होता. आपण केवढं मोठं मन केलं, असं त्यांच्या मनात होतं, आणि बाईने कप परत केला. संध्याकाळपर्यंत गावात झालं, "तात्यांच्या घरचा चहा ओहोळ वकीलीणबाईला चालला न्हाय."

मुक्ताबाई जिंकली. अर्धी विहीर तिच्या नावावर झाली. निकालाच्या दिवशी तात्या कोर्टाच्या पायरीवर अनसूयेसमोर थांबले.

"विहिरीचं काय न्हाय, वकीलीणबाई. निम्मी गेली, निम्मी हाय. कप परत आला, त्यो ध्यानात राहील."

*

पुढं ती केंद्राच्या परीक्षेला बसली तेव्हा बाररूमने पुन्हा विनोद केला. "इंदापूरच्या तारखेला यष्टी बदलून जाणारी बाई आता देश बदलणार म्हणं." पहिल्या वेळी नापास झाली, विनोद जास्त झाले. दुसऱ्या वेळी परराष्ट्र सेवेत निवड झाली. चिंतामण बेलिफ तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "तिकडं समन्स कुणाच्या दाराला लावायचं असतं?"

"राजाच्या, आण्णा."

"मग तर पाणी अजिबात पिऊ नको."

तिने हे शब्दशः पाळलं, आणि आखातात नेमणूक झाल्यावर पहिल्या वर्षातच तोंडघशी पडायची वेळ आली. एका बंदरात भारतीय खलाशी अडकून पडले होते. जहाजाच्या मालकाने पासपोर्ट ठेवून घेतले होते. मालकाचा म्हातारा चुलता तिथल्या कबिल्याचा प्रमुख, त्याच्या शब्दाबाहेर कुणी नाही. अनसूया त्याच्या बैठकीत गेली. गालिचे, लोड, भिंतीला टेकून बसलेली माणसं, आणि एका नोकराने तिच्या हातात कॉफीचा इवलासा पेला दिला. तिचा हात आपोआप खाली गेला. पेला तिने समोर ठेवला.

 दुभाषा पांढराफटक पडला. म्हातारा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला, मग त्याने आपलाही पेला खाली ठेवला आणि काहीतरी विचारलं.

"ते विचारतायत, तुमचं मागणं काय आहे?" दुभाषा कुजबुजला.

बाहेर आल्यावर त्याने घाम पुसत समजावलं. त्या लोकांत न प्यायलेला पेला म्हणजे मी मागायला आले आहे, दिल्याशिवाय पिणार नाही. यजमानाची अब्रू पणाला लागते. म्हाताऱ्याने अब्रू राखली, आणि आठवड्याच्या आत खलाशी घरी गेले.

त्या पेल्याची गोष्ट खात्यात तिच्या आधी पोचायची. पुढं जिथं जिथं तिची बदली झाली तिथं तिने तो पेला मुद्दाम वापरला. आधी न पिणं हा तिचा नेम होता, आता तो डाव झाला. नोकरी सोडल्यावर एका पक्षाने तिला राज्यसभेवर घेतलं, मग ती राज्यमंत्री झाली, आणि सत्काराच्या भाषणातही लोक तिला पेल्याचीच गोष्ट सांगायला लावायचे. ती सांगायची. टाळ्या पडायच्या. शेळगावचा निळ्या काठाचा कप मात्र ती कुणाला सांगत नसे.

*

पळसदेवला तुळसाबाईच्या दारातून उजनीचं पाणी दिसतं. उन्हाळ्याने ते मागं सरलं होतं, जुन्या देवळाचं शिखर बाहेर आलं होतं. तुळसाबाई, मोहितची आई, मासे विकून दोन पोरं वाढवलेली बाई, जाळ्यांशेजारी उभीच होती. गाडी थांबताच तिने दार उघडलं आणि कुणी बस म्हणायच्या आत बसली.

"मॅडम, आरोपीच्या आईला तिथं नेणं बरं दिसणार नाही," पुढच्या सीटवरचे नायब तहसीलदार म्हणाले. सह्या त्यांच्यासमोर व्हायच्या होत्या, कागद त्यांच्या मांडीवर होते.

"मी खाली उतरतच न्हाय," तुळसाबाई म्हणाली. "गाडीत बसंन. काच खाली असू द्या, म्हंजी ऐकू यील."

"वाईटही ऐकू येईल, तुळसाबाई," अनसूया म्हणाली.

"यिऊ द्या. दोन वर्सं झाली, दुसरं काय ऐकतोय?"

इंदापूर मागं पडलं, गाडी बारामती रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच डाळिंबाच्या बागा.

"बाई, तुमी मंत्री हाय ना?"

"हो."

"मग सांगून टाका की त्यास्नी, सही करा म्हून."

"या सहीवर मंत्र्याचं काही चालत नाही."

"मग मंत्री हून उपेग काय?"

नायब तहसीलदारांनी खोकल्यासारखं केलं. अनसूया बाहेर बघत होती.

"आज कळंल," ती म्हणाली. तिच्याही नकळत तिच्या तोंडात कऱ्हाटीची बोली आली होती.

 तुळसाबाई कुणाला सांगावं तसं नाही, नुसतीच बोलली. "दाराम्होरं आख्खं धरान. पाणी बघतच पोरगं मोठं झालं. आन् तिकडं जाऊन बादलीपायी..."



*

तात्यांच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, आणि गावातली पाच-सात जाणती माणसं आधीच येऊन बसली होती. गाडी फाटकाबाहेर थांबली. तुळसाबाईने पदर तोंडावर ओढून घेतला. काच खाली होती.

तात्या ओट्यावर होते. केस पांढरे झालेले, पाठ तशीच ताठ. ते उठले नाहीत.

"या, वकीलीणबाई."

"नमस्कार, तात्या. कसे आहात?"

"पोरगं गेलेला माणूस कसा असतुया? हितं बसा. तवा बसलावता तितंच."

ती बसली. जागा खरोखर तीच होती. तात्यांची बायको आता हयात नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात एक सडपातळ बाई उभी होती, कपाळ मोकळं, नजर जमिनीला. रविंद्रची बायको, पायल. ती आत गेली आणि ताट घेऊन आली. ताटात दोन कप होते.

पांढरे, निळ्या काठाचे.

"वळाकला का कप?" तात्या म्हणाले.

"ओळखला."

"जपून ठिवलाय. घ्या."

या घडीची तयारी अनसूयेने दिल्लीपासून केली होती. विमानात, गाडीत, मनात दहा वेळा तिने हा प्रसंग मांडून बघितला होता, आणि दर वेळी तिला ती बैठक दिसायची, म्हाताऱ्याने खाली ठेवलेला पेला दिसायचा. तिने कप उचलून दोघांच्या मध्ये, ओट्याच्या फरशीवर ठेवला. पाठ सरळ केली.

"तात्या, माझं एक मागणं आहे. ते तुम्ही ऐकलंत, की मी हा चहा घेईन."

तिकडे अशाच खाली ठेवलेल्या पेल्याने खलाशी सुटले होते. इथं अंगणातल्या एका माणसाने दुसऱ्याकडे बघितलं. आत जाता जाता पायल थांबली. तात्यांचा चेहरा हळूहळू दगडासारखा झाला.

"ऐकलं का रं?" ते माणसांकडे बघून म्हणाले. "बाई बदलली न्हाय. तवा म्हणली, केस चालू हाय. आज कंची केस चालू हाय, वकीलीणबाई? आज तर तुमी माज्या दारात मागायला आलाय."

"तात्या, माझा अर्थ तसा..."

"आमच्या घरात बसून आमच्याच चहावर अट? आमचा चहा म्हंजी काय इसार हाय का, काम झालं तर घ्यायचा, न्हायतर माघारी? मी तुमाला का बोलावलं ठाव हाय? म्हणलं, एकडाव बघू, ह्या बाईला आमचा चहा चालतोय का. मुकाट घेतला असता, तर म्होरं बोललो असतो." तात्या उठले. "झालं. निघा आता."

 चूक कुठं झाली ते अनसूयेला लख्ख दिसलं, आणि ते आता दिसून उपयोग नव्हता. जगभर फिरून शिकलेली एकच युक्ती तिने अशा घरात वापरली होती, जिथं तिचा अर्थ दाराला लाथ मारणं असा होता. आता कप उचलला तरी भिऊन उचलला असं झालं असतं. फाटकाशी नायब तहसीलदार उभे होते. त्यांनी कागद छातीशी धरले होते आणि ते गाडीकडे बघणं टाळत होते.

ती उठली नाही.

"तुमचं उत्तर कळलं, तात्या. पण सह्या दोन लागतात. पायलताईंना अजून कुणी विचारलेलं नाही."

"तिला काय इचारायचं? घरात कर्ता मी हाय."

"मुक्ताबाईच्या वेळी तुम्ही कोर्टात हेच म्हणाला होता."

 तात्या गर्रकन वळले. क्षणभर वाटलं, आता हाताला लागेल ते फेकतील.

"मामा," दारातून आवाज आला. "मला इचारायचं हाय एक. ह्यास्नी."

पायल दोन पावलं पुढं आली होती. पदराचं टोक मुठीत आवळलेलं. तात्यांनी तिला असं सगळ्यांत बोलताना कधी ऐकलं नसावं. 

"तुमी त्याला तिकडं तुरुंगात भेटलाय म्हणं."

"भेटलेय. गेल्या महिन्यात."

"मग सांगा. आदी हात कुणाचा उठला?"

अनसूयेने फाटकाकडे पाहिलं. गाडीची काच खाली होती. मोहितच्या तिकडच्या वकिलाची सगळी बाजू एका गोष्टीवर उभी होती. भांडण रविंद्रने काढलं, मोहितने स्वतःला वाचवलं. खात्याच्या प्रत्येक टिपणात तेच होतं. इथं आलेला प्रत्येक माणूस तेच सांगून गेला होता, कुणी आडून, कुणी उघड. तेच पुन्हा सांगणं सोपं होतं. खरं सांगितलं, तर समोरच्या बाईने का माफ करावं?

"मोहितचा," ती म्हणाली.

मग पायलकडे वळून तिने पुढचं सांगितलं.

"रविंद्रने त्याला काही केलं नव्हतं. पाळी रविंद्रची होती, बादली त्याने भरून ठेवली होती. मोहित दमून आला, त्याने ती ओढली. रविंद्र म्हणाला, ठेव, माझी आहे. तेव्हा मोहितने ढकललं. दारू नव्हती, जुनं वैर नव्हतं. मोहितने मला हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं. कोर्टात तो हे बोललेला नाही. वकिलाने बोलू दिलं नाही."

गाडीतून बारीकसा आवाज आला, हुंदका गिळल्यासारखा. पायलने तिकडे बघितलं नाही. ती अनसूयेकडेच बघत होती.

"आजवर सही मागाया आलेलं परत्येक माणूस," ती सावकाश म्हणाली, "ह्येंच्यावरच ढकलून जायचं. एक म्हणला, पाय घसरला. एक म्हणला, पिऊन हुतं. जलमात थेंब घेतला न्हवता त्यांनी. एक तर म्हणला, तुमच्याच माणसानं मारामारी काढली, आता त्या पोराला तरी वाचवा. इतक्यांदा ऐकलं, की रातीचं मला वाटाया लागलं, व्हय, आपलंच माणूस वंगाळ आसंल. त्येंना गुन्हेगार करून मी सही कशी दिऊ?"

तात्या ओट्याच्या कडेवर बसले. 

"म्हून मी रानात निघून जायचो," ते म्हणाले. कुणाला, ते कळलं नाही.

"गाडीत कोन हाय?" पायलने विचारलं.

"त्याची आई," अनसूया म्हणाली.

"आणली?" तात्यांचा आवाज चढला. "माज्या दारापत्तुर आणली तिला?"

"ती उतरणार नाही, तात्या. तसं कबूल करून आलीये."

पायल आत गेली. भांड्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. ती ओट्यावरून उतरली, खुर्च्यांच्या मधून चालायला लागली, आणि बसलेल्या माणसांनी पाय मागं घेतले. वैर असलेल्या घरात पाणी दिलं जात नाही, घेतलंही जात नाही. दिलं-घेतलं, की वैर मोडलं. हे त्या अंगणात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. तात्यांनाही नाही. ते एका शब्दाने तिला थांबवू शकले असते. त्यांनी थांबवलं नाही.

पायलने तांब्या खिडकीतून आत धरला.

"मी कशी पिऊ, बाई?" तुळसाबाईचा आवाज.

"प्या. उनाचं आलायसा." आणि मग, त्याच आवाजात, "मी पाणी दिलं म्हून तुमचं पोरगं चांगलं ठरत न्हाय. त्येला तसं कळवा."

"कळवते," तुळसाबाई म्हणाली.

"माज्या माणसाची चूक न्हवती, ह्ये बी त्येला कोर्टात सांगू द्या. मग सही."

"मी तसं लिहून पाठवते," ओट्यावरून अनसूया म्हणाली. "तुमच्या सहीच्या वर, पहिल्या ओळीत."

तुळसाबाई पाणी प्यायली. घोट घशाखाली उतरताना त्या शांततेत ऐकू आला.

 तात्यांनी हाक मारली, "कुठं हाय त्यो तुमचा तहसीलदार? आदी तिची घ्या." आणि अनसूयेकडे न बघता म्हणाले, "न्हायतर ह्या वकीलीणबाई मला पुन्हा कोर्टात वढतील."

एकजण हसला आणि लगेच गप्प झाला. पहिली ओळ अनसूयेने स्वतःच्या हाताने लिहिली, रविंद्रची चूक नव्हती. पायलने सही केली, खाली तात्यांनी. कागद तिथूनच फोनवर दूतावासात गेले. रविवारी त्यावर मोहितचा जीव वाचला. कैद राहिली, बऱ्याच वर्षांची राहिली. पण तिथल्या न्यायाधीशासमोर त्याने आधी ती पहिली ओळ स्वतः उच्चारली.

माणसं पांगली. ओट्यावर दोघंच उरली आणि मध्ये तो कप.

"चिंतामण बेलिफाची ना तुमी?" तात्यांनी विचारलं.

"हो."

"आमच्या म्हाताऱ्याच्या नावाचं समन्स घिऊन आलावता एकडाव. सायकलवर. आसाच उनाळा हुता. मी ल्हान हुतो, हितंच खेळत हुतो."

 अनसूयेने विचारलं, "पाणी विचारलं होतं का कुणी?"



"न्हाय," तात्या म्हणाले.

वाऱ्याने अंगणातला पाला इकडचा तिकडं झाला. तात्यांनी कपाकडे हात केला. "गार झाला ह्यो. दुसरा टाकाया सांगतो."

"नको. ह्योच घेते."

तिने कप उचलला. वर साय धरली होती. ती बोटाने बाजूला न करता तिने एक घोट घेतला, मग दुसरा, आणि कप रिकामा करूनच ताटात ठेवला. तात्या प्रत्येक घोट बघत होते.

"साखर लई झालीया, तात्या."

"आमच्यात एवढीच असती," तात्या म्हणाले, आणि त्यांनी आपला कप उचलला.